बाबा मला परत न्यायला आले होते

मंडळी, भामरागडच्या पुढच्या एका छोट्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून हे लिहितेय. रेंज आली की पोस्ट होईल.

माझं नर्सिंग संपलं. नोकरीआधी एक वर्ष बाहेर राहून काम करायचं, एवढंच नक्की होतं. हिमाचलमधलं होमस्टे की हा दवाखाना, ते ठरत नव्हतं. बाबांना दोन्ही नको होतं. "जंगलात एकटी काऊन राह्यतं?" म्हणत ते आज आमच्या सावली गावाहून माझ्यासोबत आले, जागा पाहायला कमी आणि मला परत न्यायला जास्त.

बसमधून उतरून नाला ओलांडताना बाबा घसरले. पाय एवढा सुजला की उभं राहता येईना. शेतातलं एक माडिया आदिवासी जोडपं धावत आलं. त्यांनी गावातून आणखी दोघांना हाक मारली आणि चौघांनी बाबांना बाजेवर घालून इथे आणलं.

हाड मोडलं नव्हतं. पण पट्टी बांधून होईपर्यंत ती माणसं निघूनही गेली होती.

बाबांनी दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "त्यायनं मले खांद्यावर आणलं, अन् मले त्यायच्याशी दोन शब्द बोलता आले नाई."

थोड्या वेळाने म्हणाले, "हिमाचल मंग पाहजो. तू इथीच राह्य. त्यायची बोली शिक, अन् मले शिकव."

उद्या बाबांना दवाखान्यातल्या एकाच्या मोटरसायकलवर बसवून आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत. माडियात आभार कसे मानतात, कोणी सांगाल का? बाबा विचारून राह्यले.