ज्याचं त्याला

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ रोज नारायण पेठेतून स्कूटरवर बाणेरच्या ऑफिसात येतात. पूर्वी कोड लिहून झाला की त्यातून चालणारा प्रोग्राम बनवण्याचं, म्हणजे बिल्डचं, काम त्यांच्याकडे असायचं. आम्ही त्यांच्याकडे जाऊन म्हणायचो, "जरा बिल्ड लावता का?" ते मान वर न करता विचारायचे, "आपण स्वतः चालवून पाहिलंत, की मीच पहिला?"

मग त्यांनी रिपॉझिटरीला, म्हणजे सगळ्यांचा कोड जिथे साठतो त्या जागेला, वेबहुक जोडला. आता कुणीही कोड जमा केला की तिथून निरोप जातो आणि बिल्ड आपोआप सुरू होतं.

पहिल्याच आठवड्यात अमरावतीहून नव्याने आलेल्या मुलीचं बिल्ड फसलं. तिच्या नावासकट लाल संदेश सगळ्या टीमच्या ग्रुपवर झळकला. कुणीतरी हसलं. ती जेवायलाही उठली नाही. ते पाहून शेजारच्या गृहस्थांनी आपला डबा बाजूला सारला आणि सेटिंग बदललं. फसल्याचा निरोप यापुढे फक्त कोड टाकणाऱ्यालाच जाणार होता.

मॅनेजर म्हणाले, "अहो, सगळ्यांना कळलं तर लोक जपून काम करतील."

"जपून नाही, घाबरून करतील. ज्याची चूक त्याला कळली की झालं. दवंडी कशाला?"

परवा त्यांचंच बिल्ड फसलं. निरोप त्यांना एकट्यालाच आला होता. गप्प बसले असते तर आम्हाला पत्ताही लागला नसता. ते खुर्चीवरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंडळी, आत्ता माझ्या हातून मोडलंय. पाच मिनिटं द्या."