माईकवरचा बघण्याचा कार्यक्रम

माझ्या वडिलांचं नाव काढलं की नगरातली जुनी माणसं अजून कानाच्या पाळीला हात लावतात. व्हॉल्व्हचा, म्हणजे त्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर बनवावा तर त्यांनीच. थिएटरवाले यायचे, कीर्तनकार यायचे, राहुरीकडच्या कारखान्याच्या सभेला त्यांचंच मशीन लागायचं. सगळं खरं. पण ते मशीन ज्या घरात तयार व्हायचं, त्या घरात चार दिवस राहून दाखवा म्हणावं.

ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळून झाली की तो वितळलेल्या मेणात बुडवावा लागतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, ते मेण आमच्या दुधाच्या पातेल्यात वितळवायचे. राखेनं घासून घासून आईचे हात सोलवटले, पण सायीला मेणाचा वास यायचा तो यायचाच. अजून आठवलं की शिसारी येते. मला ताप आला तर अण्णांना पत्ता नसायचा. ट्रान्सफॉर्मर तापला की मात्र घडीघडी हात लावून बघायचे.

मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते. मामानं सोनईकडचं स्थळ आणलं. मोठ्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट, विहिरींना पाणी होतं. घरची बागायत, वर मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा. हे लग्न जमावं असं मला मनापासून वाटत होतं, खोटं कशाला बोलू? स्वतःचं घर, स्वतःची चूल, आणि जिथं तिथं तारांची भेंडोळी नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मुलगा, त्याचा बाप आणि दोन चुलते आले. मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले, तर एकाची मान माझ्याकडे वळेल तर शपथ. सगळे कोपऱ्यातल्या ॲम्प्लिफायरकडे टक लावून बसलेले. अण्णांनी तो वर्षभर खपून बनवला होता, स्वतःसाठी, विकायचा नाही म्हणून. नाव विचारतील, स्वयंपाक विचारतील, म्हणून मी उत्तरं घोकून ठेवली होती. मुलाचा बाप म्हणाला, “पोरीला जरा माईकवर बोलू द्या की.”

मला वाटलं थट्टा करतोय. पण अण्णांनी खरोखरच माईक आणून माझ्या पुढ्यात ठेवला. चेहरा असा फुललेला, माझ्या बारशालासुद्धा फुलला नसेल. मग मी, नवी साडी, डोक्यावर पदर, “हॅलो, हॅलो” करत बसले. नाव सांगितलं, मॅट्रिकचे मार्क सांगितले, पुरणपोळी येते म्हणून सांगितलं. अख्खी गल्ली ऐकत होती. पुढं कित्येक दिवस तिथली कार्टी मला बघून हॅलो हॅलो करायची. मुलाच्या बापानं डोळे मिटले आणि म्हणाला, “लई साफ हाय.” मी नव्हे, मशीन.

तेवढ्यात मुलगा उठला आणि कुणाला न विचारता त्यानं आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. कर्कश शिट्टी उठली, व्हॉल्व्हच्या आतल्या पट्ट्या लालभडक झाल्या. अण्णा धावले आणि त्यांनी मशीन बंद केलं. शी! दुधी भोपळा घेतानासुद्धा माणूस नख लावून बघतो. माझ्याकडे तेवढंही कुणी बघितलं नाही.

चार दिवसांनी मामा निरोप घेऊन आला. मुलगी पसंत आहे. हुंडा नको, सोनं नको, फक्त तो ॲम्प्लिफायर मुलीबरोबर पाठवा. मी दाराआड उभी होते. अंगावर पाल पडावी तसं झालं मला. अण्णा म्हणाले, “नाही.” मामानं नाना परीनं समजावलं, तो नाही तर दुसरा बनवून द्या म्हणाला. अण्णांनी सांगितलं, माझ्या हातचं एकही मशीन त्या घरात जाणार नाही. मामा पाय आपटत गेला. स्थळ मोडलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले, ते आनंदानं. जन्मात पहिल्यांदा वाटलं, आपल्या बापाला आपली किंमत आहे.

बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? हुंडा मागणाऱ्यांना दारातून परत पाठवणारा बाप! तरुण मंडळानं सत्कार ठेवला. शाल, नारळ, लांबलचक भाषणं. एका पुढाऱ्यानं तर मला उभं करून लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. असा बाप मिळायला पुण्य लागतं म्हणाला. मलाही ते पटलं. अण्णा मात्र आठ्या घालून बसलेले, मंडळाचा माईक घुमत होता म्हणून. मला बाई तो त्यांचा साधेपणा वाटला.

घरी आल्यावर ते जेवायला बसले. मी वाढत होते. आईचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, “पोरीसाठी एवढं तालेवार स्थळ सोडलंत हो तुम्ही.”

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला.

“पोरगी नांदली असती गं तिथं,” ते म्हणाले. “ॲम्प्लिफायर नसता नांदला. बटण कसं पिळलं त्या पोरानं, बघितलंस ना?”

माझ्या हातात भाताची डेचकी होती. ती मी त्यांच्या ताटाशेजारी दाणकन आदळली.

“हळू,” ते म्हणाले. “व्हॉल्व्ह आहेत तिथं.”