आरशाकडे तोंड करून

आमचे हे केस कापतात. दुकान घराच्या खालीच आहे. दोन गोल फिरणाऱ्या खुर्च्या, भिंतभर आडवा आरसा, समोरच्या भिंतीवर घड्याळ, आणि गप्पा अखंड. पण ह्यांचं एक विचित्र आहे. हे बोलतात ते आरशात बघून. गिऱ्हाईक पुढ्यात पाठ करून बसलेलं, त्याचं तोंड दिसणार आरशात. सगळा जन्म असाच गेला. आरशात बघितलं की ह्यांची जीभ सैल सुटते. तेच कुणासमोर सरळ उभं केलं, की तोंडाला कुलूप.

मला मागणी घातली तीसुद्धा आरशातूनच. आजोबांना घेऊन मी दुकानात गेले होते. त्यांच्या डोक्यावर केस ते किती, पण ह्यांनी चांगला तासभर लावला आणि शेवटी आरशातल्या मला म्हणाले, "आजोबांना रोज आणलंत तरी चालेल." लग्न झालं. घरातही महत्त्वाचं काही सांगायचं असलं, की हे मला कपाटाच्या आरशासमोर बोलावतात. मला याचा अजून राग येतो. बाई समोर उभी आहे, तिच्याकडे बघा की!

दुसरी खोड गोष्टींची. गोष्ट रंगात आली की कापणं थांबतं, पण हात खाली येत नाही. कोपर वर, कात्री हवेत, आणि गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानं ताटकळत बसलेलं.

गेल्या वर्षी ह्यांचा उजवा खांदा आखडला. हात छातीपर्यंत जायचा आणि तिथेच अडायचा. उंच गिऱ्हाईक आलं की हे त्याला "जरा खाली सरका" म्हणायचे. बिचारा सरकून सरकून खुर्चीत जवळजवळ झोपायचा. मग ह्यांनी फोनवर इलाज शोधायचा सपाटा लावला. एक जण सांगायचा बर्फ लावा, दुसरा म्हणायचा चुकूनही लावू नका, शेका. तिसऱ्यानं दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावलं. चौकट ढिली झाली, खांदा होता तसाच.

एका संध्याकाळी ह्यांनी मला कपाटासमोर बोलावलं. "अगं, शेजारचा मोबाइलवाला दुकान मागतोय. देऊन टाकू या." दुकान गेलं तर हा माणूस बोलणार कुणाशी? घरात बसून मुका होईल हो!

मी लेकीला फोन केला. तिनं कुठल्याशा मोठ्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांची व्हिडिओ कॉलची वेळ ठरवून दिली. "आई, तू मध्ये मध्ये बोलू नकोस," अशी तंबीही दिली. म्हणून मी जिन्यात बसले. नुसतं ऐकत होते, असं म्हणू या.

डॉक्टर एक तरुण मुलगी होती. ह्यांनी खाली दुकानात फोन हातात धरला, आणि व्हायचं तेच झालं. ती विचारतेय, हे नुसते "हं" म्हणतायत. मग "एक मिनिट" म्हणून ह्यांनी काय करावं? फोन खुर्चीत बसवला, आरशाकडे तोंड करून, आणि स्वतः त्याच्या मागे उभे राहिले. झालं डॉक्टरांचं गिऱ्हाईक! मग काय, ह्यांना कंठ फुटला. कधी दुखतं, कसं दुखतं, रात्री कुठल्या कुशीवर झोपता येत नाही, सगळं घडाघडा सांगितलं.

"उजवा हात वर करा बघू, काका."

ह्यांनी केला. छातीशी अडला. पण आरशात उजव्याचं डावं झालेलं. डॉक्टरांना दिसला डावा.

"हा नाही हो, दुसरा."

हे आज्ञाधारक. डावा हात सरळ छताकडे गेला.

"अरे वा! हा तर उत्तम जातोय. मग दुखतंय कुठे?"

आपला खांदा खरंच दुखतोय ना, अशी शंका ह्यांच्याच तोंडावर दिसायला लागली. लेकीची तंबी गेली खड्ड्यात. मी आत शिरले आणि म्हटलं, "अहो डॉक्टर, तुम्हाला आरसा दिसतोय, माणूस नाही!"

पलीकडून खो खो हसू आलं. "तरीच घड्याळ उलटं फिरतंय!"

मी फोन ह्यांच्याकडे वळवला. पुन्हा कुलूप. मुलगी हुशार हो! "काकू, फिरवा परत आरशाकडे. उजवं-डावं मी सांभाळते. आणि काका, तुम्ही काम कसं करता ते दाखवा."

ह्यांनी रिकाम्या हवेत कात्री चालवली, बोलता बोलता एक गोष्ट सुरू केली, आणि हात जेवढा वर जात होता तेवढ्यावर तसाच राहिला. तिनं गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.

"खांदा आखडलाय असं वाटतंय. पण मला इथून हात लावून बघता येत नाही. जवळच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, रक्तातली साखरही बघा. तिथे दुसरं काही निघालं नाही, तर रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. जबरदस्ती नाही, लोंबकळणं तर नाहीच. आणि यापुढे गोष्ट सांगायची तर कात्री खाली आणि तोंड माणसाकडे. खुर्ची फिरते ना तुमची?"

"फिरते," हे आरशात बघून म्हणाले.

जवळच्या डॉक्टरांनी तेच निदान केलं. भिंत म्हणून ह्यांनी अर्थातच आरसाच निवडला. बोटं आरशावरून मुंगीसारखी वर चढायची, आणि अडली तिथे हे साबणाच्या फेसाचा ठिपका ठेवायचे. गिऱ्हाइकं आल्या आल्या ठिपका कुठवर गेला ते बघायची. कधी कधी तो खालीही यायचा. त्या दिवशी दुकानात गोष्टी व्हायच्या नाहीत. मोबाइलवाला दोनदा विचारून गेला. हे म्हणायचे, "थांबा जरा." कात्री मात्र बोलताना खाली यायला लागली. खुर्ची काही फिरत नव्हती.

परवा सकाळी दुकान उघडायच्या आधी मी झाडत होते आणि ह्यांची बोटं चढत होती. चढत चढत ती कालच्या ठिपक्याच्या पुढे गेली, आरशाची चौकट ओलांडली, आणि वरच्या भिंतीला टेकली. मी केरसुणी धरून आरशात बघत राहिले. म्हटलं, आता त्यातून काहीतरी म्हणतील. पण आरशात ह्यांची पाठच दिसायला लागली.

हे वळले होते. सरळ माझ्याकडे बघत होते, बोटाला फेस तसाच.

"दुकान द्यायचं नाही," हे म्हणाले. "आणि तू नसतीस तर दिलं असतं."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले, ते समोर उभं होतं. आणि मला मेलीला इतकी लाज वाटली, की मीच आरशात बघून म्हटलं, "बरं, बरं. दार उघडा आता."