सरांना थांबवायचं कसं

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी आकुर्डीच्या कॉलेजात नव्या बॅचची नोंदणी करत होते. "काकू, आई गेली," एवढंच तो बोलला. मी समोरच्या मुलीचा अर्ज पूर्ण करून दिला, संगणक बंद केला, पर्स घेतली... आणि कुरुळीच्या रस्त्याला लागल्यावर त्याच्या वाक्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचला.

शालनआक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. कुरुळीतली सासरची जमीन कारखान्यांत गेल्यावर उरलेल्या जागेत त्यांनी खानावळ काढली. बीड-लातूरकडून आलेली, खोल्या करून राहणारी कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की त्यांच्याकडे जेवायला येत. गेल्या वर्षी जवळच्याच एका छोट्या कंपनीच्या साहेबांनी विचारलं, आमचं कँटीन चालवाल का? अट एकच, चालवणाऱ्याच्या नावावर अन्नस्वच्छतेच्या कोर्सचं प्रमाणपत्र हवं. खानावळीचा परवाना भाऊजींच्या नावावर, घरही त्यांच्याच. मुलगा म्हणाला, कोर्स मी करून टाकतो. आक्का म्हणाल्या, "रांधणार मी, आन् कागद तुझ्या नावाचा व्हय रं?"

ऑनलाइन कोर्स हे माझं रोजचं काम. मी लगेच शब्दांचा तक्ता करून त्यांच्या फ्रिजवर चिकटवला. लॉगिन, मॉड्यूल, क्विझ, म्यूट, डेडलाइन आणि समोर अर्थ. आक्कांनी तो वाचला आणि आपले अर्थ लावले. मॉड्यूल म्हणजे पंगत, एक उठल्याशिवाय दुसरी बसत नाही. क्विझ म्हणजे मीठ बघणं. डेडलाइन म्हणजे डबे न्यायला येणारा टेम्पो, तो कुणासाठी थांबत नाही. पुढे कॉलेजातल्या मुलांनाही मी हेच अर्थ सांगू लागले.

फक्त पॉज त्यांनी कधी मानला नाही. टॅबवर सर शिकवू लागले की आक्का डोक्यावर पदर घेऊन बसत. फोडणी करपली, गिऱ्हाईक आलं, तरी व्हिडिओ थांबवायचा नाही. त्या उठून जात आणि सर रिकाम्या स्वयंपाकघराला शिकवत राहत. परत आल्या की धडा पहिल्यापासून. मी समजवायचे, ही दोन उभ्या रेघांची खूण दाबा, हे आधीच रेकॉर्ड केलेलं आहे, सरांना कळणारही नाही.

"आगं सुनीता, माणूस शिकिवतंय. बोलत्या माणसाच्या तोंडावर हात ठेवायचा व्हय? तुमच्या कॉलेजात ठेवत्यात वाटतं."

अशाने कोर्स रेंगाळला, पण एकेक पंगत उठत गेली. शेवटी एकच व्हिडिओ आणि त्यानंतरची परीक्षा उरली. प्रमाणपत्रावर माहेरचं नावही घालता येतं का, असं त्यांनी फोनवर विचारलं होतं. भिंतीवरची जागा ठरली होती, शेगडीच्या वर. तिथे तेलकट होईल म्हणून मी काचेची फ्रेम करायला सांगितली.

त्या दुपारचं मला त्यांच्या सुनेने, पूजाने सांगितलं. ती मागे भांडी घासत होती. आतून येणारा सरांचा आवाज एकदम बंद झाला. मग आक्कांचा आवाज आला, "सर, जरा थांबा. वाईच टेकते." पूजाला वाटलं, शिकल्या एकदाच्या. हात पुसून ती कौतुक करायला आत गेली, तोवर...

कंपनीने दिवसकार्य होईपर्यंत वाट पाहिली आणि कँटीन दुसऱ्याला दिलं. त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. शिफ्टची माणसं उपाशी ठेवता येत नाहीत, हे आक्कांनीच आधी सांगितलं असतं.

टॅब अजून ओट्याजवळच्या फळीवर आहे. पूजा तो पुसते, चार्जिंगला लावते. मागच्या रविवारी मी उघडला. सर हात अर्धवट वर करून थांबलेत. खालची पट्टी जवळजवळ टोकाला गेली आहे, जराशीच उरली आहे. महिनाअखेर कोर्सची मुदत संपेल आणि मग हे पान उघडणार नाही, हे मला कामामुळे पक्कं माहीत आहे. चालू करण्याच्या खुणेपर्यंत मी बोट नेलं... आणि टॅब तसाच फळीवर ठेवला. आक्कांनी आयुष्यात एकदाच कुणाला तरी आपल्यासाठी थांबायला सांगितलं होतं.