मँचेस्टरला धान्य वेगवेगळंच भाजतात

लंडनच्या हॅरोत मुलाकडे बसून बसून पाय आखडले होते. तेवढ्यात मँचेस्टरहून लेकीचा, सुनंदाचा फोन आला. "आई, सुपरमार्केटवाल्यांचा माणूस आमची थालीपिठाची भाजणी बघायला येतोय. तू ये."

मुलगा म्हणाला, "तू जाऊन काय करणार?"

म्हटलं, ती भाजणी शिकली कुणाकडून? आणि निघाले.

तुम्ही जाणार असाल तर युस्टन स्टेशनहून गाडी दोनेक तासांत पोचवते. तिकीट आधी काढा, ज्येष्ठांचं कार्ड घ्या, पुष्कळ स्वस्त पडतं. डबा घरचाच न्या, गाडीतला चहा महाग आणि वर पाणचट. शेजारी पुण्याचे एक सॉफ्टवेअरवाले होते, भला माणूस, माझी बॅग वर ठेवली. म्हणाले, "आजी, देश मोठ्या कंपन्यांवर चालतो." मी लाडू दिला आणि विचारलं, "तुमच्या ऑफिसखाली सँडविच कोण विकतं? केस कोण कापतं? नळ गळला तर कुणाला बोलावता?" ते लाडूच खात राहिले.

पुढे ट्राम. चढताना फलाटावरच्या यंत्राला बँकेचं कार्ड टेकवायचं, उतरल्यावरही. मी विसरले, न्यायला आलेल्या सुनंदाने हाताला धरून मागे नेलं.

तिचा कारखाना म्हणजे गॅरेजांच्या रांगेतली एक खोली. चार बाया, चार कढया. तांदूळ वेगळे, डाळी वेगळ्या, ज्वारी वेगळी, धणे मंद आचेवर, कारण ते पटकन करपतात. दळून देणारे भाई मागच्या गल्लीत, पाकिटं छापणारा त्यांच्या शेजारी, माल पोचवणारी व्हॅन एका पोलिश बाईची. एका भाजणीवर एवढी घरं. आता देश कशावर चालतो ते सांगा.

दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटचा साहेब आला. गोड बोलायचा. सुनंदाने मला मराठीत सांगितलं, "म्हणतोय, सगळं धान्य एकदम मशीनमध्ये भाजा. दोन बाया पुरतील. तरच ऑर्डर."

कढयांवरचे हात थांबले.

मी मूठ मूठ धान्य एकत्र भाजलं, मिक्सरला लावलं आणि दोन्ही भाजण्यांची थालीपिठं थापली. त्याने सुनंदाचं संपवलं, एकत्रवालं अर्धं टाकलं. वर म्हणतो, फरक आहे, पण गिऱ्हाइकाला कळणार नाही.

"विचार त्याला, गिऱ्हाइकाला जीभ नसते का?"

सुनंदा हसली. मग बायांकडे बघून त्याला इंग्रजीत नाही म्हणाली. तेवढं मला कळतं.

हॅरोला परतले तर मुलगा दारातच. "आई, एवढी मोठी ऑर्डर घालवून आलीस."

"घालवली नाही. घेतली नाही."

बोलले खरी, पण डोक्यात एकच होतं: चार बायांचा प्रश्न. सकाळी तिथून आणलेली सहा पाकिटं पिशवीत टाकली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराने पाकीट फोडून वास घेतला, दोनदा घेतला.

"कोण बनवतं, माँजी?"

"माझी लेक आणि चार बाया. वेगवेगळं भाजून."

"सहा राहू देत. खपली तर दर आठवड्याला पाठवा," म्हणत तो खालच्या फळीवर जागा करू लागला.

"तिथे नको," मी म्हटलं. "डोळ्यांसमोर ठेवा. आमच्या भाजणीसाठी कुणी वाकायचं नाही, आणि आम्हीही नाही."