तीन ओळींचा एक खाना

राजापेठेत माझं बाइंडिंगचं दुकान आहे आणि त्याला लागून धर्मपाल तायडेचं डीटीपीचं. मधली भिंत प्लायवूडची. त्यामुळे तो गिऱ्हाइकाशी काय बोलतो आणि संगणकाला काय शिव्या देतो, हे सगळं पंधरा वर्षं मला ऐकावं लागलं आहे. आज लोक त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात. कोणी म्हणतं त्याच्यामुळे खून झाला, कोणी म्हणतं त्याचं डोकं फिरलंय. म्हणून मी हे लिहितोय. मी लेखक नाही, लेखकांची पुस्तकं शिवणारा माणूस आहे, आणि माझं डोकं लवकर तापतं हे आधीच सांगून ठेवतो.

धर्मपाल मूळचा अकोल्याचा. त्याचा बाप शालिकराम तिथल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचा. पोराला शाळा सुटली की कामाला बसवायचा, आणि चूक दिसली की बोटांवर लोखंडी पट्टी हाणायचा. एकदा एका लग्नपत्रिकेत तारीख चुकली तेव्हा बापाने त्याला छपाईयंत्रावर ढकललं. त्याच्या कपाळावरची खोक त्या दिवसाची. हे तो मला हसत हसत सांगायचा. मला हसू यायचं नाही. असल्या बापाचा मला राग येतो, मेलेला असला तरी येतो.

पुढे छापखाना बंद पडला, बाप गेला, आणि धर्मपाल कृषी विद्यापीठातल्या पोरांचे थिसिस टाइप करू लागला. त्या थिसिसांमध्ये पानोपानी तक्ते. एका वाणाचं नाव, त्याच्यापुढे चार खतं, चार ओळी. बाकीचे टायपिस्ट वाणाचं नाव चारदा लिहीत. धर्मपालला ते सहन होत नसे. तो लाटेक शिकला, म्हणजे ज्यात सगळं आज्ञा लिहून करायचं असतं ते, आणि खाना चार ओळींवर पसरवू लागला. नाव एकदाच, चार ओळींच्या मधोमध, आणि बाजूच्या रेघा त्या खान्याच्या पोटातून न जाता बाहेरच थांबलेल्या. जे सगळ्यांचं आहे ते एकदाच लिहायचं, हा त्याचा नियम. त्याचे तक्ते खरंच देखणे असायचे. मी आयुष्यभर कागद हाताळला आहे, मला कळतं.

अमरावतीला आल्यावर तो वाटणीपत्रंही करू लागला. वाटणीच्या तक्त्यात खाली खाली भावांची नावं, पुढे गट नंबर, क्षेत्र, आणि शेवटी विहीर-मोटारीचा खाना. विहीर बहुतेक सामाईक असते. तहसीलबाहेरचे जुने अर्जनवीस प्रत्येक भावापुढे 'सामाईक, सामाईक' असं लिहीत जायचे. धर्मपाल त्यांची टिंगल करायचा. तो सगळ्या भावांच्या ओळींवर एकच खाना पसरवायचा आणि मध्ये एकदाच लिहायचा, 'विहीर, मोटार व पाइपलाइन सामाईक'. फक्त एक भानगड होती. तक्ता पानाच्या टोकाशी आला आणि तो जोडलेला खाना तुटला, तर शब्द एकाच पानावर राहतात आणि पुढच्या पानावर नुसती रिकामी चौकट येते. हे धर्मपालला माहीत होतं. छापण्याआधी तो प्रत्येक पानाचं टोक बघायचा.

फक्त मागच्या मे महिन्यात एकदा बघितलं नाही.

अंजनगाव सुर्जीच्या नत्थुजींची वाटणी होती. तीन मुलगे, शेखर, बंडू आणि श्रावण. पानपिंपरीचा, म्हणजे औषधी पिंपळीच्या वेलांचा, मळा होता, आणि पानपिंपरीला उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकलं की मळा गेला. त्या वर्षी मोटारीच्या पाळीवरून थोरला शेखर आणि धाकटा श्रावण यांची दोनदा बाचाबाची झाली होती. म्हणूनच म्हाताऱ्याने वाटणी काढली. कागद धर्मपालने नीट केला होता. मधला बंडू तो न्यायला आला आणि म्हणाला, बहिणीने हक्क सोडल्याचं वाक्य वर टाकायचं राहिलंय, ते टाका, पंच गाडीत बसले आहेत. धर्मपालने वाक्य टाकलं. तक्ता दोन बोटं खाली सरकला. बाहेर बंडू हॉर्नसारखा एकसारखा 'झालं का' करत होता. धर्मपालने तीन प्रती काढल्या आणि स्टेपल मारायला माझ्याकडे पाठवल्या. मी पान उलटलंही नाही. त्या दिवशी मी डोळे उघडले असते तर एक माणूस आज जिवंत असता, हे मी रोज स्वतःला सांगतो.

आमच्या भागात वाटणी रजिस्टरला नेण्याआधी घरी वाचतात. म्हातारा समोर बसतो, थोरला वाचतो, धाकटा त्याच्या खांद्यावरून कागद बघतो. शेखरने वाचलं. स्वतःचं वाचलं, बंडूचं वाचलं, दोघांपुढची सामाईक विहीर वाचली. मग पान उलटलं. वर श्रावणचं नाव, गट नंबर, क्षेत्र, आणि विहिरीच्या खान्यात काहीच नाही. शेखर थांबला. बंडूने नंतर आम्हाला सांगितलं की शेखरही चक्रावला होता, तो मागचं पान उलटून बघू लागला. पण श्रावणला ते थांबणं चोरी पकडल्यासारखं वाटलं.

"मायापुढं इहीर कुठी हाय?" त्याने विचारलं.

शेखर म्हणाला, "थांब, पाहू दे."

भिंतीला फावडं टेकवलेलं होतं. पहिला घाव शेखरच्या कानामागे बसला. तो कागद हातात धरूनच पुढे पडला, आणि पडल्यावर श्रावणने आणखी दोन घाव घातले. नत्थुजी मध्ये पडले तर त्यांचं मनगट मोडलं. बंडूने खाटेचा पाय उपसून श्रावणच्या जबड्यावर मारला आणि तो खाली पडल्यावरही मारतच राहिला, पंचांनी ओढून काढेपर्यंत. अंगणात दात पडले होते. शेखरला गाडीत घालून अमरावतीला निघाले, तो वलगावच्या अलीकडेच गेला.

आम्हाला ते पेपरात कळलं. भावाभावांत शेतीवरून खून, चार ओळींची बातमी. धर्मपालने गाव वाचलं, नाव वाचलं, आणि आपलाच कागद होता म्हणून दिवसभर जेवला नाही. पण खोट कुठे होती ते तेव्हा त्याला माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी बंडू आला. त्याला वकिलासाठी त्या वाटणीपत्राच्या झेरॉक्स हव्या होत्या. मी यंत्राचं झाकण उघडून काचेवर दुसरं पान ठेवलं. शेखरच्या हातातलीच ती प्रत, तिच्यावरचं रक्त वाळून तपकिरी झालं होतं, पण झेरॉक्समध्ये रक्त काळंच येतं, अक्षरांसारखं काळं. प्रत यंत्रातून बाहेर आली तेव्हा धर्मपाल माझ्या बाजूला उभा होता. त्याने ती उचलली. डागाच्या वर श्रावणचं नाव होतं आणि उजवीकडे रिकामी चौकट. प्रत तिथेच टाकून तो आपल्या दुकानात गेला. मग फुटण्याचा आवाज आला. त्याने मॉनिटरमध्ये मूठ घातली होती.

मी धावत गेलो, त्याच्या हाताला फडकं गुंडाळलं आणि कानात सांगितलं की गप्प बस. कोणालाही कळलेलं नाही, कळणारही नाही. मेलेला परत येत नाही. मी हेच सांगितलं, लपवत नाही. त्याने मला ढकललं, बाहेर आला आणि बंडूपुढे उभा राहिला. शेखरने फसवलं नव्हतं, खाना मी तोडला, पान न बघता छापलं, असं त्याने स्पष्ट सांगितलं. रिकामी चौकट कशी आली तेही बोट ठेवून दाखवलं.

बंडूला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याने धर्मपालचं डोकं धरून माझ्या कटिंग मशीनवर आपटलं. मी मध्ये गेलो तर कोपर माझ्या नाकावर बसलं. धर्मपाल हात वर करत नव्हता, तोंडही झाकत नव्हता, आणि त्यामुळे बंडू आणखीच पिसाळला. त्याने त्याला फरफटत दाराशी नेलं, त्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबला आणि वरून शटर खाली ओढलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. रस्त्यावर माणसं जमली, क्लासची पोरं मोबाइल काढून उभी राहिली. बंडू मग त्याच्याच शेजारी पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. धर्मपालने पोलिसांत तक्रार दिली नाही. मी देणार होतो, त्याने मला शपथ घातली.

ही बातमी अंजनगावला पोचायला एक दिवस लागला. श्रावणची बायको पौर्णिमा शोधत शोधत आमच्याकडे आली. श्रावण तुरुंगात होता, जबडा तारेने बांधलेला. तिने सांगितलं की तो कोणाशी बोलत नाही, भेटीला गेलं की फक्त एकच म्हणतो, भावाने पाणी तोडलं होतं. सासरी तिला कोणी उभं करत नव्हतं. तिला वाटत होतं की खरं काय ते कळलं तर नवऱ्याच्या मनातला राग निघेल, तो म्हाताऱ्याची माफी मागेल, पोरांना आजोबाचं दार उघडेल.

"भाऊ, तुमी सवता येऊन सांगा त्याईले," ती धर्मपालला म्हणाली. "मायावर इस्वास नाई ठेवत ते."

मी धर्मपालला पुन्हा अडवलं. श्रावणच्या वकिलाने सांगितलंय की याने शिक्षेत फार फरक पडणार नाही, मग कशाला जखम उकरायची? तो म्हणाला की एक माणूस मेलेल्या भावाला चोर समजतो आहे आणि तो चोर मी बनवला आहे. त्याच्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून माझ्या गाडीवरून गेलो. पौर्णिमेने तुरुंगातल्या भेटीच्या अर्जात आम्हाला नातेवाईक लिहिलं होतं.

जाळीपलीकडे श्रावण आला. तिशीचा असेल, गाल बसलेले. धर्मपालने हात जोडायचा प्रयत्न केला, प्लास्टरमुळे जुळले नाहीत. त्याने सगळं सांगितलं. वाक्य वर टाकलं, तक्ता सरकला, खाना दोन पानांत तुटला, शब्द मागे राहिले. शेखरने कागदात एक अक्षर बदललं नव्हतं. विहीर तिघांचीच होती. श्रावण मान खाली घालून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने फक्त विचारलं की शेखर 'थांब, पाहू दे' म्हणाला तेव्हा खरंच पाहत होता का. धर्मपाल म्हणाला, हो, बंडूनेच सांगितलंय.

श्रावणचं तोंड नीट उघडत नव्हतं, दातांच्या फटीतून शब्द येत होते.

"इतके दिवस मी एका बेइमानाले मारलं होतं," तो म्हणाला. "आज तुमी मायाकून माया भाऊ मारून घेतला."

मग त्याने कपाळ जाळीवर आपटलं. एकदा, दोनदा, मग मोजता येईना. जाळीतून रक्ताचे थेंब इकडे पौर्णिमेच्या पदरावर उडाले. ती ओरडत नव्हती, जाळीत बोटं घालून त्याचं डोकं मागे ढकलत होती, आणि तो तिच्या बोटांवरच कपाळ आपटत होता. चार शिपायांनी त्याला उचलून आत नेलं. तारेने बांधलेला जबडा पुन्हा सुटला होता.

बाहेर आल्यावर पौर्णिमेने धर्मपालकडे पाहिलं. मला वाटलं ती मारेल. तिने मारलं नाही. पदर झटकला आणि एकटीच बसस्टँडकडे चालायला लागली. धर्मपाल उन्हात उभा राहिला आणि मला विचारू लागला की सांगायला नको होतं का. दोनदा विचारलं. गप्प बस म्हणून दोनदा मीच सांगितलं होतं, तेव्हा उत्तर माझ्या जिभेवर तयार असायला हवं होतं. मला सापडलं नाही. मी त्याला एक शिवी हासडली आणि गाडीवर बैस म्हटलं.