‘हललं!’

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी प्रश्नपत्रिका टाइप करायचे. शेजारी डाळमिल होती. तुरीचा भुसा खिडकीतून येऊन चहात पडायचा, केसांत बसायचा, कॉम्प्युटरच्या डब्यात तर थरच साचलेला.

आधी स्क्रीनवरची अक्षरं थरथरायची, मग हिरवे पट्टे यायचे, मग मशीन हँग. नांदेडहून येणारा मेकॅनिक गुटखा चघळत दरवेळी विंडोज नव्याने टाकायचा, माझ्या फायली उडवायचा आणि जाताना कोपऱ्यात पिचकारी मारायचा. त्या लाल डागाशेजारी बसून मी डबा खायचे. स्क्रीनवर चित्र दाखवणारं कार्डच तापत असणार, असं मी क्लास चालवणाऱ्या सरांना म्हटलं.

“मशीनला काई झालं न्हाई. तुझा हात जड हाय,” सर म्हणाले. “झाकण उघडलंस तर याद राख.”

एकदा अक्षरं थरथरताच माझ्या तोंडून निघालं, “हललं!” भूकंपानंतर लातुरात हा शब्द कोणी सहज बोलत नाही. अख्खा क्लास जिन्यावरून धडाधडा खाली पळाला. सर सगळ्यांत पुढे. पाव तास कोणी वर आलं नाही.

पुढच्या आठवड्यात चाचणीच्या आदल्या दिवशी मशीन तीनदा अडकलं. “संध्याकाळपर्यंत पेपर न्हाई निघाला तर उद्या येऊ नको,” सर म्हणाले. घरात माझ्याशिवाय कमावणारं कोणी नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मुद्दाम ओरडले, “हललं!”

मजला रिकामा झाला. मी माझं आणि सरांचं, दोन्ही मशीन बंद केली, झाकणं काढली. माझ्या कार्डाचा पंखा भुशाने गच्च अडकलेला, हात लावला तर चटका बसला. सरांच्या मशीनचं कार्ड काढून माझ्यात बसवलं. स्क्रीन स्वच्छ, एक अक्षरही हलेना.

तेवढ्यात कोणीतरी माझं मनगट धरलं. पाणी देणारी मावशी. भूकंपात तिच्या घरातलं एकही माणूस उरलं नव्हतं. रस्त्यावरच्या गर्दीत मी दिसले नाही म्हणून ती अनवाणी परत वर आली होती.

“ऊठ की पोरी! बसून काय राहिलीस!” ती मला दाराकडे ओढू लागली.

मी खाली गेले. खरं सांगितलं नाही. पेपर वेळेत निघाला, नोकरी टिकली. सरांची, मेकॅनिकची किळस यायची, ती त्या दिवसापासून माझीच यायला लागली.

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर मावशीने माझं टेबल मशीनसकट जिन्याच्या दाराजवळ ओढून ठेवलं होतं.